अल्फा-हिमोलायसिनमधला आयनांचा प्रवाह संगणकावर कसा मोजायचा: व्होल्टेजपासून पिकोअँपिअरपर्यंत

आयन चॅनेलच्या, म्हणजे पेशीपटलातून आयन आरपार जाऊ देणाऱ्या प्रथिनाच्या, सिम्युलेशनमधून आलेला प्रवाहाचा आकडा प्रयोगाशी जुळला नाही की पहिला संशय प्रथिनावर जातो. एखाद्या अमिनो आम्लाचा भार चुकला असेल, रचनाच बंद अवस्थेतली असेल, वगैरे. कधी कधी तसं असतंही. पण नव्याने या कामात पडलेल्यांच्या फायली उघडल्या की घोळ बहुधा भलतीकडेच निघतो: व्होल्टेजला कशाने भागलं, सिम्युलेशनच्या पेटीची हद्द ओलांडलेला आयन कसा मोजला, आणि पाण्याचं मॉडेल खऱ्या पाण्याच्या मानाने किती पातळ आहे. या तिन्ही गोष्टी प्रथिनाशिवाय तपासता येतात, आणि तशाच तपासाव्यात. म्हणून या लेखात प्रथिन जरा उशिरा येईल.

उदाहरण म्हणून अल्फा-हिमोलायसिन घेतलं आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं हे विष. सात सारखे तुकडे एकत्र येऊन पेशीपटलात आरपार भोक पाडतात. त्याची स्फटिकरचना १९९६ साली १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने प्रसिद्ध झाली आणि प्रोटीन डेटा बँकेत ती ७एएचएल या क्रमांकाने मिळते. त्याच वर्षी याच छिद्रातून एकेक आरएनए-डीएनएची साखळी ओढून दाखवण्यात आली आणि नॅनोपोअर सिक्वेन्सिंगची, म्हणजे छिद्रातून साखळी नेत डीएनए वाचण्याची, वाट मोकळी झाली. आपल्या दृष्टीने त्याचा फायदा साधा आहे: छिद्र रुंद, प्रवाह भरपूर, आणि प्रयोगातले आकडे वर्षानुवर्षं तपासलेले. १ मोलर पोटॅशिअम क्लोराइडमध्ये त्याची वाहकता साधारण १ नॅनोसिमेन्स, म्हणजे १२० मिलिव्होल्टला सुमारे १२० पिकोअँपिअर. अलेक्सेई अक्सिमेंतिएव आणि क्लाउस शुल्टेन यांनी २००५ साली याच चॅनेलचं सगळे अणू धरून सिम्युलेशन केलं होतं, सुमारे तीन लाख अणूंचं. तेव्हा ते महासंगणकाचं काम होतं. आज एका बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डावर निभतं.

तुम्हाला ग्रोमॅक्स हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम चालवता येतो, एखादं प्रथिन पाण्यात टाकून सिम्युलेशन केलेलं आहे, एवढं मी गृहीत धरतो. सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत आणि रोमन अंकांतच लिहायची.

कागदावरचा हिशेब

एक आकडा पाठच करून टाका: दर नॅनोसेकंदाला एक मूलभूत भार म्हणजे १६० पिकोअँपिअर. आपले १२० पिकोअँपिअर म्हणजे नॅनोसेकंदाला पाऊण आयन. १०० नॅनोसेकंद चालवलं तर ७५ आयन पार होतील. अशा मोजणीतली अनिश्चितता ढोबळमानाने संख्येच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ७५ ला सुमारे ९. तेव्हा १०० नॅनोसेकंदांच्या एका धावेतून १२ टक्क्यांपेक्षा चांगल्या अचूकतेची आशा धरू नका. ६० मिलिव्होल्टला तेवढीच अचूकता हवी असेल तर दुप्पट वेळ चालवावं लागेल. सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागताना हाच हिशेब अर्जात लिहायचा. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर असो की आणखी कुठे, ‘जास्त चालवलं तर बरं’ यापेक्षा तो केव्हाही वजनदार दिसतो.

दुसरा हिशेब छिद्राचा. रचना प्रसिद्ध करणाऱ्यांनीच छिद्राचा व्यास १.४ ते ४.६ नॅनोमीटर दिला आहे, लांबी सुमारे १० नॅनोमीटर. समजा संपूर्ण छिद्र सगळ्यात अरुंद जागेइतकंच, म्हणजे ०.७ नॅनोमीटर त्रिज्येचं आहे. १ मोलर पोटॅशिअम क्लोराइडची विशिष्ट वाहकता २५ अंशांना मीटरमागे सुमारे ११.२ सिमेन्स. तिला छिद्राच्या क्षेत्रफळाने गुणा, लांबीने भागा, १.७ नॅनोसिमेन्स येतात. इतका हात आखडता घेऊनही उत्तर प्रयोगापेक्षा मोठं, कारण भिंतीलगत आयन मोकळ्या द्रावणातल्यासारखा धावत नाही आणि त्याला स्वतःचं आकारमानही असतं. त्यामुळे सिम्युलेशनने १५ नॅनोसिमेन्स दिले तर आनंद मानू नका. काहीतरी फुटलंय, आणि ते बहुधा पटल असतं.

पहिली पायरी: नुसतं मिठाचं पाणी

६ नॅनोमीटर बाजूची घनाकृती पेटी घ्या. १ मोलर म्हणजे घन नॅनोमीटरमागे प्रत्येक प्रकारचे ०.६०२ आयन, म्हणून २१६ घन नॅनोमीटरमध्ये पोटॅशिअम-क्लोराइडच्या १३० जोड्या. पाणी तेच, बलक्षेत्र (अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे) तेच, कटऑफ (जवळची बलं मोजायची अंतराची मर्यादा) तेच, जे पुढे चॅनेलला वापरणार आहात. मी चार्म३६एम हे बलक्षेत्र आणि टिप३पी हे पाण्याचं मॉडेल धरून चालतो, कारण चार्म-जीयूआय या पेटी तयार करून देणाऱ्या वेबसाइटवरून ती जोडी आयती मिळते. आधी दाब स्थिर ठेवून एखादा नॅनोसेकंद चालवा, मग आकारमान गोठवा.

आता विद्युतक्षेत्र. ग्रोमॅक्समध्ये ‘इलेक्ट्रिक-फील्ड-झेड’ या ओळीत चार आकडे द्यायचे असतात: क्षेत्राची तीव्रता, वारंवारता, वेळ आणि स्पंदाची रुंदी. स्थिर क्षेत्रासाठी पहिला सोडून बाकी सगळे शून्य. एकक व्होल्ट प्रति नॅनोमीटर. इथे ‘०.०२ ० ० ०’ लिहा. ६ नॅनोमीटरला ०.०२ म्हणजे पेटीच्या दोन टोकांत १२० मिलिव्होल्ट. नॅम्डी हा दुसरा प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथलं एकक किलोकॅलरीत आणि अँगस्ट्रॉममध्ये असतं: व्होल्टेजला २३.०६ ने गुणून अँगस्ट्रॉममधल्या उंचीने भागायचं.

खऱ्या पाण्यात या पेटीतून किती प्रवाह वाहील? ११.२ गुणिले ६ नॅनोमीटर, म्हणजे ६७ नॅनोसिमेन्स. १२० मिलिव्होल्टला ८ नॅनोअँपिअर. नॅनोसेकंदाला ५० भार. आयनांचा पूरच असल्यामुळे १० नॅनोसेकंदांत आकडा स्थिरावतो.

टिप३पीमध्ये तो ५० पेक्षा चढाच येणार. या मॉडेलचं पाणी फार पातळ आहे: खऱ्या पाण्याचा स्वविसरणाचा गुणांक (रेणू आपोआप किती वेगाने पसरतात) २५ अंशांना सेकंदाला २.३ × १०⁻⁹ चौरस मीटरच्या आसपास, टिप३पीचा त्याच्या दुपटीहून जास्त. तुमच्या पेटीत समजा ७० आले. ५० भागिले ७० हे गुणोत्तर वहीत लिहून ठेवा. चॅनेलचा प्रवाह शेवटी याच गुणोत्तराने दुरुस्त करायचा आहे. २० किंवा ५०० आले तर मात्र पुढे जाऊ नका. २० आले तर तापमान-नियंत्रक पाहा: लँजेव्हिन पद्धत आयनांवर थेट घर्षण लावते आणि त्यांची चाल मंदावते. ग्रोमॅक्समध्ये ‘व्ही-रिस्केल’ हा तापमान-नियंत्रक वापरा, नॅम्डीत लँजेव्हिन फक्त लिपिडच्या किंवा प्रथिनाच्या अणूंपुरती ठेवा. ५०० आले तर प्रवाह मोजणारी स्क्रिप्ट चुकली आहे. तिच्याविषयी पुढे.

आणखी एक गोष्ट इथेच दिसते. व्हीएमडी या अणूंची चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पेटी उघडून आयनांचे झुबके होतात का पाहा. जुन्या प्राचलांमध्ये धन आणि ऋण आयन एकमेकांना जरुरीपेक्षा जास्त चिकटत. द्रावणाच्या ऑस्मोटिक दाबाशी ताडून त्यांची जोडीनिहाय दुरुस्ती नंतर झाली. चार्मच्या फायलींत ती एनबीफिक्स या नावाने येते. पोटॅशिअम-क्लोराइडसाठी तशी वेगळी ओळ आहे का, हे फाइल उघडून स्वतः बघा. १ मोलरला तिच्यावाचून प्रवाहाला काही अर्थ नाही.

दुसरी पायरी: प्रथिन पटलात बसवणं

ओपीएम या डेटाबेसमधून ७एएचएल उचला. तिथे प्रथिन आधीच पटलाच्या मानाने सरळ उभं केलेलं असतं, छिद्राचा अक्ष झेडला समांतर. चार्म-जीयूआयच्या मेम्ब्रेन बिल्डरमध्ये सातही साखळ्या निवडा, स्फटिकातलं पाणी ठेवा.

हिस्टिडीन या अमिनो आम्लावर थांबा. तिथे प्रोटॉन आहे की नाही यावर छिद्राचा भार आणि त्यामुळे निवडकता (कुठले आयन जास्त जातात) बदलते. प्रोपकासारख्या प्रोग्रॅमने अंदाज घ्या, पण प्रयोग कुठल्या पीएचला झाला ते आधी पाहा. ८ च्या पीएचला केलेल्या मोजणीशी ५ च्या पीएचचं प्रथिन ताडत बसण्यात काही हशील नाही.

पटलाचं लिपिड म्हणून पीओपीसी हे नेहमीचं लिपिड पुरे. प्रयोगशाळेत बहुतेक जण डायफायटॅनॉइल लिपिड वापरतात, पण इतक्या रुंद छिद्राच्या प्रवाहावर लिपिडचा परिणाम दुय्यम. छिद्रात पाणी भरायचा पर्याय न विसरता निवडा. नळी कोरडी राहिली तर पुढचे कित्येक नॅनोसेकंद ती भरण्यातच जातात. प्रथिनाची टोपी, म्हणजे पटलाबाहेर राहणारा भाग, सुमारे १० नॅनोमीटर रुंद, म्हणून पेटी आडवी १३ नॅनोमीटर, उभी १५. एकूण अडीच लाखांच्या घरात अणू होतात.

चार्म-जीयूआय सहा टप्प्यांचं स्थिरीकरण देतं, बंधनं हळूहळू सैल करत जाणारं. ते जसंच्या तसं चालवा. त्यानंतर क्षेत्र न लावता, दाब स्थिर ठेवून ३०-५० नॅनोसेकंद. या काळात दोन्ही टोकांच्या पाण्यात, पटल आणि प्रथिनापासून दूर, प्रत्येक प्रकारच्या आयनांची घनता मोजा. घन नॅनोमीटरमागे ०.६ यायला हवी. ०.५ आली तर तुम्ही १ मोलरचा नाही, ०.८३ मोलरचा प्रयोग करताय. आयन कमी-जास्त करून पुन्हा स्थिर करा. कंटाळवाणं आहे, पण शेवटचा आकडा थेट याच्यावर टांगलेला असतो.

तिसरी पायरी: व्होल्टेज, आणि भागायचं कशाने

ही चूक इतक्यांदा दिसते की तिला स्वतंत्र जागा द्यायलाच हवी. विचार असा होतो: व्होल्टेज पटलाच्या आरपार आहे, पटल ४ नॅनोमीटर जाड, म्हणून ०.१२ भागिले ४, म्हणजे ०.०३. दिसायला बिनतोड. प्रत्यक्षात १५ नॅनोमीटर उंचीच्या पेटीत ०.०३ लावलं की पटलावर ०.४५ व्होल्ट पडतात, हवे होते त्याच्या जवळपास चौपट.

क्षेत्र आपण सगळ्या पेटीवर लावतो आणि पेटी वरखाली पुन्हापुन्हा जोडलेली असते. खारं पाणी वाहक आहे. त्यातले आयन आणि पाण्याचे रेणू सरकून-वळून आपल्या भागातलं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतात. ते पुसलेलं सगळं जाऊन साचतं पटलावर आणि छिद्रात. म्हणून एकूण फरक क्षेत्र गुणिले पेटीची पूर्ण उंची इतकाच राहतो. आपल्याला ०.१२ भागिले १५, म्हणजे ०.००८ हवं.

उंची ठरलेली हवी म्हणूनच क्षेत्र लावल्यावर दाब-नियंत्रक बंद ठेवायचा. आधीच्या धावेतून उंचीची सरासरी काढा, तिच्या अगदी जवळची एखादी फ्रेम (एका क्षणाची जतन केलेली स्थिती) निवडा आणि तिथून स्थिर आकारमानात सुरुवात करा.

दिशाही आत्ताच ठरवा. नेहमीच्या संकेतात टोपीकडची बाजू ‘सिस’, तिथे जमीन. व्होल्टेज ‘ट्रान्स’ बाजूला लावतात. टोपी झेडच्या वरच्या टोकाला असेल तर धन क्षेत्र धन आयनांना खालून वर, ट्रान्सकडून सिसकडे नेतं. म्हणजे ते प्रयोगातलं धन व्होल्टेज झालं. सगळे हा संकेत पाळतातच असं नाही, तेव्हा ज्या मोजणीशी तुलना करायची तिची पद्धत वाचून घ्या. हा चॅनेल दोन्ही दिशांना सारखा प्रवाह देत नाही, त्यामुळे चिन्हाची अदलाबदल झाली तर लगेच खटकणारही नाही. आकडा नुसता थोडा चुकलेला दिसेल.

चौथी पायरी: मुख्य धाव

२ फेम्टोसेकंदांची पायरी, हायड्रोजनचे बंध गोठवलेले, दूरच्या विद्युतबलांसाठी पीएमई ही पद्धत, १.२ नॅनोमीटरचा कटऑफ. यात नवीन काही नाही. दर १० पिकोसेकंदांनी सगळ्या आयनांच्या जागा जतन करा.

काळजी घ्यायची ती ‘कॉम-ग्रुप्स’ या ओळीची. चार्म-जीयूआयच्या तयार फाइलमध्ये प्रथिन-पटल एक गट आणि पाणी-आयन दुसरा गट, असे दोन्हींचे वस्तुमान-केंद्र वेगवेगळं थोपवलेलं असतं. एरवी ठीक. पण क्षेत्राखाली आयन पाण्यालाही सोबत ओढतात आणि छिद्रातून पाण्याचा निव्वळ ओघ सुरू होतो. पाण्याच्या गटाचं केंद्र दर काही पायऱ्यांनी शून्यावर आणत राहिलात तर तो ओघ तुम्ही स्वतःच्या हाताने मारताय. प्रथिनाच्या अल्फा कार्बनांना हलकी स्प्रिंग लावा, कारण भार असलेलं प्रथिन क्षेत्रात सरकतं. ती लावली की केंद्र थोपवण्याची गरजच उरत नाही. ‘कॉम-मोड’ सरळ बंद करा.

किमान तीन स्वतंत्र धावा, वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी. व्होल्टेज ±६०, ±१२०, ±२४० मिलिव्होल्ट. लवकर आकडे मिळावेत म्हणून २ व्होल्ट लावायचा मोह होतो. तिथे लिपिडचं पटलच भोकं पडून फुटू शकतं आणि मग मोजलेला प्रवाह चॅनेलचा राहत नाही.

पाचवी पायरी: प्रवाह काढणं

सरळ पद्धत म्हणजे अरुंद जागेपाशी एक काल्पनिक पातळी धरून ती ओलांडणारे आयन मोजायचे. आयन तिथे मागेपुढे करत राहतात, म्हणून त्याहून सोयीची पद्धत विस्थापनाची. लागोपाठच्या दोन फ्रेम घ्या. प्रत्येक आयन झेडच्या दिशेने किती सरकला ते काढा, त्याच्या भाराने गुणा, सगळ्यांची बेरीज करा. तिला दोन फ्रेममधल्या वेळेने आणि पेटीच्या उंचीने भागा. झाला त्या क्षणाचा प्रवाह.

पेच हद्दीवर आहे. वरच्या कडेने बाहेर पडलेला आयन खालून आत येतो, आणि स्क्रिप्टला वाटतं तो एका दमात १५ नॅनोमीटर खाली गेला. म्हणून सरकणं अर्ध्या उंचीपेक्षा जास्त दिसलं की एक पूर्ण उंची मिळवा किंवा वजा करा. १० पिकोसेकंदांत आयन साधारण ०.२ नॅनोमीटर हलतो आणि अर्धी उंची ७.५ आहे, तेव्हा संदिग्धता राहत नाही. दर नॅनोसेकंदाला एकच फ्रेम जतन केली असती तर ही खात्री बरीच सैल झाली असती. मिठाच्या पेटीत ५०० आले असतील तर ते इथूनच आले. आणि मोजण्याआधी प्रथिनावर जुळवून फ्रेम फिरवू नका. चित्रासाठी ते छान, पण फिरवलेल्या फ्रेमला पेटीच्या मूळ हद्दी लागू पडत नाहीत.

क्षणाक्षणाच्या प्रवाहाचा आलेख काढाल तर नुसता गोंगाट दिसेल. त्याची बेरीज करत जा, म्हणजे एकूण वाहिलेला भार काळासोबत कसा वाढतो ते पाहा. रेषा सरळ चढत गेली तर तिचा उतार हाच प्रवाह. सुरुवातीचे ५-१० नॅनोसेकंद टाकून द्या, तेव्हा पाणी आणि आयन क्षेत्राशी जुळवून घेत असतात. मध्येच रेषा वाकली तर तिथली फ्रेम उघडून बघा: एखादं लिपिड तोंडाशी आलं असेल, बाजूची साखळी वळली असेल. पोटॅशिअम आणि क्लोराइडच्या रेषा वेगळ्या काढा. हा चॅनेल ऋण आयनांना किंचित झुकतं माप देतो. अरुंद जागी १११व्या स्थानाचं ग्लुटामिक आम्ल आणि १४७व्या स्थानाचं लायसिन समोरासमोर येतात, तिथलं दृश्य अवश्य पाहा. क्लोराइड लायसिनपाशी घुटमळताना स्पष्ट दिसतात.

व्होल्टेज खरंच हवं तेवढं पडलं का, हेही याच धावेतून तपासता येतं. व्हीएमडीतल्या पीएमईपॉट प्लगइनने शेकडो फ्रेमचा सरासरी विभव-नकाशा (कुठे किती व्होल्टेज आहे याचा नकाशा) काढा आणि त्यात बाहेरून लावलेल्या क्षेत्राचा सरळ उतार मिळवा. दोन्हीकडच्या पाण्यात विभव सपाट, मध्ये उतरण, आणि दोन सपाट भागांतला फरक १२० मिलिव्होल्टच्या आसपास, असं दिसलं पाहिजे. हा नकाशा पाहिल्याशिवाय मी तरी कुणाचा व्होल्टेजचा आकडा मानत नाही.

शेवटी वहीतलं गुणोत्तर. तीन धावांची सरासरी समजा १६० आली, तर ५० भागिले ७० ने गुणून ११४. सोबत तीन धावांमधली तफावत लिहा, आणि मूळ आकडा व दुरुस्त आकडा दोन्ही द्या. नुसता दुरुस्त आकडा छापणं मला पटत नाही. वाचणाऱ्याला मूळ कळायला हवं. हे गुणोत्तर पाण्याच्या पातळपणाची भरपाई करतं, भिंतीशी असलेल्या आयनांच्या ओढीची नाही, त्यामुळे छिद्र जितकं अरुंद तितका त्याच्यावर कमी भरवसा ठेवायचा.

हीच कृती पोटॅशिअम चॅनेलला चालेल का?

पायऱ्या त्याच, आकडे वेगळे. केसीएसएसारख्या पोटॅशिअम चॅनेलच्या निवडक गाळणीतून, म्हणजे पोटॅशिअमच पुढे जाऊ देणाऱ्या अरुंद भागातून, आयन एकामागे एक रांगेत जातात. १०० पिकोसिमेन्स धरले तर १०० मिलिव्होल्टला १० पिकोअँपिअर, म्हणजे १६ नॅनोसेकंदांना एक आयन. सिम्युलेशनमध्ये प्रवाह बहुधा याहूनही कमी येतो. तिथे काही मायक्रोसेकंदांची तयारी ठेवा, व्होल्टेज २००-३०० मिलिव्होल्टपर्यंत न्या, आणि गाळणीच्या अणूंना स्प्रिंग अजिबात लावू नका. त्यांच्या सूक्ष्म हालचालीवरच सगळं अवलंबून आहे.

दोन्ही बाजूंना वेगळी संहती हवी असेल तर मात्र एका पटलाची ही पेटी कामाची नाही, कारण वरचं पाणी आणि खालचं पाणी हद्दीतून एकच आहे. त्यासाठी ग्रोमॅक्समध्येच कॉम्प्युटेशनल इलेक्ट्रोफिजिऑलॉजी ही २०११ साली मांडलेली पद्धत आहे: एका पेटीत दोन पटलं, मधल्या आणि बाहेरच्या पाण्यात आयनांचा ठरवलेला फरक, आणि एखादा आयन पलीकडे गेला की प्रोग्रॅम पाण्याच्या रेणूशी त्याची अदलाबदल करून तो फरक पुन्हा जागेवर आणतो. अणूंची संख्या दुप्पट होते आणि व्होल्टेज थेट लावता येत नाही. आयनांचा फरक ठरवायचा आणि त्यातून किती व्होल्टेज उभं राहिलं ते विभव-नकाशातून मागाहून मोजायचं. अल्फा-हिमोलायसिनसाठी, दोन्हीकडे तेच मीठ असताना, एवढा खटाटोप करायची गरज नाही.